एका घरचं पाणी

आमच्याकडं लघवीला कोणी लघवी म्हणत नसे. शाळेतली पोरं करंगळी दाखवायची, माणसं कुठंही पाठ फिरवून उभी राहायची, आणि बायका म्हणायच्या, "जरा धुऱ्याकडं जाऊन येते." धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा, भातखाचराचा, मातीचा बांध. त्या धुऱ्यामागं जे व्हायचं त्याला बायकांच्या तोंडी नावच नव्हतं. आणि ज्याला नाव नाही त्याचं दुखणं तरी कोणाला सांगायचं? मी आता सत्तरी ओलांडलेली बाई आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. जी वाटायची ती तेव्हाच वाटून झाली, आणि तिच्यापायी घरचं एक माणूस गेलं.

ते माणूस म्हणजे माझी मोठी जाऊ. मी तिला बाई म्हणत असे.

लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं असेल. गाव साकोलीच्या अलीकडं, तलावाखालचं. सासू आधीच वारलेली. घरात सासरे, मोठे दीर, बाई, आणि आम्ही दोघं. मी एकोणीस वर्षांची, शाळा चौथीपर्यंतची. बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. तिला मूलबाळ नव्हतं. त्यावर ती स्वतः कधी बोलली नाही आणि दुसऱ्या कोणाला बोलूही दिलं नाही. मी उंबऱ्यातून आत आले तशी मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "एवढीशीच पाठवली का वं? बाकीची मागून येनार हाये?" मी रडायच्या बेतात होते ती हसले. नवऱ्याशी मोकळं बोलायला मला वर्ष लागलं. बाईशी एक संध्याकाळ पुरली.

सासरे गावचे पाणकर होते. आमच्या भागात गावोगावी जुने तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं त्याला तुडुम म्हणतात. ते कधी उघडायचं, किती उघडायचं, कोणाच्या बांधीत आज पाणी आणि कोणाच्या उद्या, हे पाणकर ठरवतो. सासरे खांद्यावर फावडं टाकून दिवसभर पाटानं फिरायचे. गावातलं कोणतं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे त्यांना तोंडपाठ होतं. पण घरातल्या दोन सुना दिवसभरात किती पाणी पितात हे त्यांना कधी दिसलं नाही. दिसणार तरी कसं? आम्ही पीतच नव्हतो.

रोवणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्ह्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेल्या धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन बायका चिखलात ओळीनं उभ्या राहतात, वाकतात, आणि रोवत रोवत मागं सरकतात. दहा-पंधरा बायकांची एक पात. सगळ्यांनी एका चालीनं मागं जायचं. एक उठली की ओळीत भोक पडतं, शेजारणीला तिच्या वाटचं रोवावं लागतं. आणि उठून जाणार कुठं? चहूकडं सपाट पाणी. धुऱ्यावर माणसं पेंढ्या फेकत असतात, पलीकडच्या बांधीत चिखलणीचे बैल फिरत असतात. आडोसा म्हणजे लांबवर दिसणारी पळसाची चार झाडं. तिथवर चिखलाच्या पायांनी जायचं आणि परत आल्यावर ऐकायचं, "आल्या रानीसाहेब फिरून."

पातीच्या टोकाला बाई असायची. ती वाकली की पात वाकायची, ती थांबली की थांबायची. गाणंही तीच उचलायची, आणि तो 'रानीसाहेब'चा टोमणाही तिचाच. सकाळी एकदा चिखलात उतरली की दुपारच्या जेवणापर्यंत ती उठत नसे, आणि याचा तिला अभिमान होता. आजूबाजूच्या गावांतले लोकसुद्धा म्हणत, पातीला बाई असावी तर अशी.

पहिल्या रोवणीच्या पहिल्याच दिवशी तिनं मला शिकवलं. निघताना मी पाण्याच्या पितळी घागरीतून गडवा भरला आणि तोंडाला लावणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"काय करून राहिली?"

"पानी पिऊन राहिली."

"आता पेशील तं दोन घंट्यानं कुठं जाशील? माझ्या डोक्यावर?"

"मंग तहान लागली तं?"

"तोंडात चिंचोका धर. ओठ ओले कर, पोटात जाऊ देऊ नको. दुपारी जेवताना घोटभर. घरी आल्यावर पे लागन तेवढं."

असं म्हणून तिनं कमरेला खोचलेल्या पुरचुंडीतून एक चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला. तिला तिच्या आईनं दिला असेल, आईला तिच्या आईनं. आमच्या मुलखात बायका अशाच रोवायच्या. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पाणी प्यायचं नाही. आज लिहिताना मलाच नवल वाटतं. तेव्हा ते शहाणपण होतं. नवी सून चूल सारवायला शिकते तशी मी हे शिकले, आणि दोन वर्षांत बाईसारखी पक्की झाले.

पण खरं सांगू का, ते दिवस मला अजून हवेसे वाटतात. दुखण्याचं सोडून द्या. दिवस मावळताना पाटाच्या वाहत्या पाण्यात दोघी पाय धुवायचो. तिच्या पिंढऱ्या गोऱ्या होत्या, चिखल निघाला की चकाकायच्या, आणि ती म्हणायची, "पाय तेवढे राजवाड्यातले दिले देवानं, बाकी सारं मातीचं." मग घरी येऊन मागच्या अंगणात बसायचं आणि गडव्यामागून गडवा पाणी प्यायचं. पहिला गडवा ती मला द्यायची. मी घटाघटा प्यायचे आणि ती बघत बसायची, जसं काही ते तिच्याच घशातून उतरतंय. त्या पाण्याची चव मला नंतर कुठंच मिळाली नाही. नळाच्या नाही, फिल्टरच्याही नाही. ती पाण्याची चव नव्हतीच म्हणा.

तीन-चार रोवण्या अशा गेल्या. उन्हाळी तर सगळ्याच बायकांना लागायची. उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं. त्याला कोणी आजार समजत नसे. धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, नाहीतर शिमग्याच्या दिवसांत वेचून वाळवलेली पळसाची फुलं उकळून कोमट कोमट ओटीपोटावर बांधायची. बाईच्या पोटावर मी कितीदा बांधली असतील. "शेकलं की बरं वाटते वं," म्हणायची, आणि सकाळी पुन्हा पातीच्या टोकाला.

त्या वर्षी मात्र वेगळं झालं. दुपार व्हायच्या आत बाई दोनदा पात सोडून उठली. पहिल्यांदा उठली तेव्हा सगळी पात थांबली, कोणाला कळेना काय झालं. दुसऱ्यांदा एकीनं तिचंच बोलणं तिला परत केलं, "आज कोन झालं रानीसाहेब?" बाई हसली. मी तिच्यामागं गेले आणि पळसाजवळ माझा पदर धरून आडोसा केला. पदरामागून तिचे दात करकरल्याचा आवाज येत होता. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली, हात दाबून ती किती वेळ बसूनच राहिली. अंगाला हात लावला तर तापलेलं.

सासऱ्यांना मी एवढंच सांगितलं की बाईची कंबर धरली आहे आणि ताप आहे. ते म्हणाले, "भंडाऱ्याले न्या." दुसऱ्या दिवशी माझे यजमान आम्हा दोघींना घेऊन एसटीनं निघाले.

बस तुडुंब भरलेली. लाखनी गेलं तशी बाईनं माझा हात घट्ट धरला. तिला जायचं होतं. मी म्हटलं, यांना सांगते, कंडक्टरला म्हणतील थांबव. तिनं मान हलवली. बसभर माणसांसमोर उतरायचं, रस्त्याकडेला बसायचं आणि पुन्हा चढायचं, हे तिच्यानं झालं नसतं. माझ्याही नसतं झालं. कारध्याच्या पुलावर बस आली तेव्हा खाली वैनगंगा दोन्ही काठ भरून चालली होती. बाई खिडकीतून पाहत म्हणाली, "पाय ना, एवढी वाहून राहिली मोकळी, तिले कोनी काही म्हनत नाही." आणि तशा कळेतही हसली. मी ते वाक्य कितीदा तरी मनात म्हटलं आहे. पुलावरून जाताना तर हमखास.

दवाखान्यात यजमान फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबले. बायकांच्या दुखण्यात माणसांनी आत यायचं नसतं अशी तेव्हाची समजूत. डॉक्टर मध्यम वयाचे, शांत. त्यांनी सगळं नीट विचारलं. कंबर कुठं दुखते, ताप थंडी वाजून येतो का. मग विचारलं, "लघवीला जळजळ होते का?" बाईनं जमिनीकडं पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही जमिनीकडं पाहिलं. दोन बायका फरशी पाहत बसल्यावर डॉक्टर काय करणार? त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, लघवी तपासून आणा.

नर्सबाईनं एक काचेची बाटली हातात ठेवली आणि म्हणाली, भरून त्या खिडकीत द्या. खिडकीत एक कोवळ्या मिशीचा तरुण बसला होता. बाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं.

"त्या पोट्ट्याच्या हातात मी हे देऊ?"

"द्याच लागते बाई."

ती संडासात गेली. बाहेर बायकांची रांग. बऱ्याच वेळानं आली ती कपाळावर घाम घेऊन, बाटली कोरडीच. एवढ्या लांबून धरून ठेवलेलं, आणि आता जळजळीनं थेंबही सुटत नव्हता. तिनं बाटली माझ्या हातात दिली.

"तूच भर."

"मी? माझी कशी चालन?"

"काहून नाही चालनार? एकाच घरचं पानी पेतो आपन. एका घागरीतलं, एका गडव्यानं. तुझी काय अन् माझी काय?"

मला ते पटलं. आज हसाल तुम्ही, पण अगदी खरं पटलं. वर बाईला त्या त्रासातून सोडवता येतंय याचा आनंदही झाला. मी आत जाऊन बाटली भरली, पदराखाली लपवून आणली आणि तोंड दुसरीकडं करून खिडकीत ठेवली. चिठ्ठीवर नाव बाईचं.

दुपारनंतर डॉक्टर म्हणाले, "लघवी अगदी साफ आहे. काळजी नको. वाकून वाकून कंबर धरली असेल." तापाच्या गोळ्या दिल्या, चोळायला तेल दिलं. आम्ही बाहेर आलो त्या काय खुशीत. बाईनं मला स्टँडजवळ हिरव्या बांगड्या भरवल्या. "साफ हाये म्हने," ती यजमानांना म्हणाली, आणि माझ्याकडं पाहून डोळा मिचकावला.

त्या 'साफ'नं आमचा घात केला. तो शब्द घरात तुडुमावर दगड बसवावा तसा बसला. बाईला पुन्हा ताप आला, घरातले म्हणत, तपासलं ना, साफ आहे. कूस दुखली, तेल चोळ. ती उरलेली रोवणी करून मोकळी झाली. तोंडात चिंचोका, पातीच्या टोकाला. गोळ्यांनी ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की चढायचा. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली तेव्हा सकाळी उठल्यावर तिच्या पापण्या सुजलेल्या दिसू लागल्या. लघवी गढूळ व्हायची, तिला वास यायचा. हे मला ठाऊक होतं, कारण पळसाची फुलं बांधायला मीच होते. आणि माझी कशी होते हेही मला ठाऊक होतं. मग एके दिवशी भांडी घासता घासता मनात आलं, एकाच घरचं पाणी आहे, तर माझी नितळ आणि तिची अशी का?

कोणाला विचारणार? बाईला विचारायची भीती वाटली. घरात पाण्याचं जाणणारं माणूस एकच होतं.

सासरे ओट्यावर बसून फावड्याला दांडा ठोकत होते. मी दाराआड पदर घेऊन उभी राहिले.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार ना."

"एकाच तलावाचं पानी दोन बांध्यांत सोडलं, तं खालून निघताना सारखंच राहते का?"

ते थांबले. घरातली सून पाण्याविषयी विचारते याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

"सारखं कसं राहीन? येते ते तलावाचं. निघते ते बांधीचं. कोनाच्या बांधीत खेकड्यानं भोक पाडलं तं गढूळ निघते. कोनाच्या बांधीत काही सडलं तं वास मारते. मी वरतं पाहतच नाही. खाली नाल्याजवळ उभा राहतो, निघतं पानी पाहतो अन् सांगतो कोनाच्या बांधीत काय होऊन राहिलं."

मी चौकट धरली.

"काहून वं?" त्यांनी विचारलं.

मी काही नाही म्हणून आत गेले. बाई भिंतीला टेकून पडली होती. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं. आपण चुकलो, डॉक्टरनं माझं पाहिलं, तुझं पाहिलंच नाही. ती ऐकून घेत होती. तिला कळलं. कळूनही तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "कोनाले सांगू नको. गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाही. मी बरी होतो तशीच."

आयुष्यात मी तिचं एवढंच ऐकलं नाही. उठून परत दाराशी गेले. सासऱ्यांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पदर दातात धरला आणि म्हटलं, "मामाजी, दवाखान्यात बाईची लघवी दिली नाही. बाटली मी भरली. ते पानी माझं होतं."

तो शब्द त्या घरात सुनेच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. रागावलेही नाहीत. हातातलं फावडं हळूच खाली ठेवलं आणि मोठ्या मुलाला हाक मारली, "बंडी जुंप रे. सडकेवर नेऊन सोड यांले. धान कापनं राहू दे." मग माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, "मी एवढ्या साऱ्या बांध्यांचं पानी पाहतो. घरचं नाही पाहिलं."

डॉक्टर तेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटलीचं, रोवणीचं, चिंचोक्याचं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी बाईचीच लघवी तपासायला दिली, ती डाळीच्या पाण्यासारखी निघाली, आणि तपासणी होऊन येईपर्यंत एका कागदामागं त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. पाठीच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखे दोन गोळे, मूठभर आकाराचे. ती मूत्रपिंडं. अंगातलं सगळं रक्त फिरून फिरून त्यांच्यातून जातं. ती रक्त गाळतात. कामाचं असेल ते परत रक्तात सोडतात, पाणीसुद्धा बरंचसं परत देतात, आणि नको ते घाण पाण्यात विरघळवून बाजूला काढतात. दोन बारीक नळ्यांतून ते थेंब थेंब खाली येतं, खाली एक पिशवी आहे तिच्यात साठतं. पिशवी भरत आली की ती निरोप पाठवते, आता जा. "तुम्ही तो निरोप ऐकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि वरून पाणीच देत नाही. मग घाण वाहून कशानं जाणार? लघवी दाट होते, त्यात क्षार बसतात, त्यांचा खडा होतो. साचलेल्यात जंतू वाढतात आणि उलटे वर चढतात."

मी म्हटलं, "म्हंजे पाटात गाळ बसला."

"तसंच समजा. आणि तुमच्या जाऊबाईचा उजवीकडचा पाट बहुतेक बंद झाला आहे."

नागपूरला नेलं. उजव्या बाजूचं मूत्रपिंड खड्यानं आणि पुवानं भरलेलं निघालं, ते काढूनच टाकावं लागलं. बाईला सांगितलं, डावं शाबूत आहे, एकावरही माणूस जगतं, फक्त त्याला जपा.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी रडत होते. म्हटलं, मी ती बाटली भरली नसती तर हे झालं नसतं. रोवणीतच कळलं असतं. तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "बाटली तू भरली. पन भर म्हनून मी म्हनलं. आता अर्धं अर्धं वाटून घेऊ," म्हणाली. "अन् रडून पानी वाया कायले घालवतं? दे इकडं गडवा."

पुढच्या रोवणीला बाई चिखलात उतरली नाही. पण घरी बसेल ती बाई कसली. सासऱ्यांकडून तिनं बांबूच्या तट्ट्या मागितल्या आणि बांधीच्या कोपऱ्यात उभ्या करून घेतल्या. सासऱ्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, स्वतः खांब रोवले. आणि बाई हातात गडवा, कमरेवर घागर घेऊन धुऱ्यावरून फिरू लागली. "प्या वं. पिऊन घ्या, अन् तट्टीमागं जाऊन या. लाजता कायले? माझ्या पोटातला एक पानकर मेला, तुमचे दोन्ही मारता का?" बायका आधी हसल्या, मग पिऊ लागल्या. कोणी टोमणा मारायचा अवकाश, बाई त्याच्या सात पिढ्या काढी. दोन वर्षांत आणखी काही बांध्यांवर तट्ट्या दिसू लागल्या. सगळ्यांवर नाही. तसं म्हणणं खोटं होईल.

पातीच्या टोकाला मग मी उभी राहू लागले. गाणं मला येत नसे. ते बाई धुऱ्यावरून म्हणायची आणि आम्ही चिखलातून झेलायचो.

माझी मुलगी शाळेत मोठ्या वर्गात गेली तेव्हा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात तेच चित्र निघालं. वृक्क, मूत्रवाहिनी, मूत्राशय. मी अडखळत वाचायची आणि बाई पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत ऐकायची. वाचायला मी खरी शिकले ती त्या धड्यावर, कारण ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. 'वृक्क रक्तातील टाकाऊ पदार्थ वेगळे करतात' हे वाक्य तिला फार आवडे. "म्हंजे तांदूळच निवडते बिचारं," म्हणायची. "एकटंच निवडून राहिलं माझ्या पोटात. त्याले जोडीदारीन नाही." मग डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणायची, "निवड बाबा, निवड."

त्यानं दहा-बारा वर्षं निवडलं. ऐंशी साल मागं पडून बरेच दिवस झाले होते तेव्हा तिचे पाय सुजू लागले, जेवण नकोसं झालं, तोंडाला खारट चव येऊ लागली. ती राजवाड्यातली पावलं, त्यांवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायचा नाही. डॉक्टर दुसरे होते आता. म्हणाले, उरलेलं एकही थकलं. तेव्हा आमच्याकडं त्यावर फारसं काही करता येत नव्हतं. किती लघवी होते ते रोज मोजायला सांगितलं, खुणांची बाटली दिली. मी रोज मोजायची. रोज रेघ खाली यायची. आयुष्यभर जिला पाणी पी म्हणून सांगत राहिलो तिला आता घोटघोट मोजून द्यायचं होतं. ती ओठ ओले करी आणि म्हणे, "चिंचोका हाये का वं एखादा?"

शेवटच्या दिवसांतली एक सकाळ. बाटलीच्या तळाशी जेमतेम बोटभर होतं. मी ती उजेडाकडं धरून खूण पाहत होते. माझ्या तोंडावरून तिला कळलं असणार. तिला बोलायला दम लागत होता, तरी बोटानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "या खेपेले बी तूच भर."

दोघी हसलो. तिला हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. मग बाटली धुवायच्या निमित्तानं मी बाहेर गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभी राहिले.

चार दिवसांनी ती गेली.

बऱ्याच वर्षांनी मुलीच्या घरी पेपर वाचताना मला कळलं की मूत्रपिंड आता एकाचं काढून दुसऱ्याला बसवतात. घरातलीच माणसं देतात बहुतेक, आईनं मुलाला दिलं, बायकोनं नवऱ्याला. पूर्वीही कुठं कुठं होत होतं म्हणे, मोठ्या शहरांत. जुळावं लागतं, रक्त तपासावं लागतं, कोणाचंही कोणाला चालत नाही. जावेचं जावेला चाललं असतं का ते त्यात लिहिलेलं नव्हतं. मी पेपर घडी करून ठेवला.

आमच्या पोटात तेव्हा तीन होती, दोघींत मिळून. माझी दोन्ही चांगली होती, कागदावर लिहून दिलं होतं तसं, अगदी साफ. फक्त नाव तिचं होतं त्या कागदावर. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. अजून सकाळी पहिला गडवा भरते तेव्हा तो आधी बाजूला धरला जातो, तिच्या हातात द्यावा तसा. मग मीच पिते.